आकडेवाले सर

रेल्वे स्टेशनवर रिक्षात बसलो आणि म्हणालो, "औरंगपुरा. ते आकडेवाले सर बसतात ना, तिथं." रिक्षावाल्यानं आरशातून मला नीट न्याहाळलं. चष्मा, कापडी पिशवी, पिशवीत जाडजूड फाइल. मग आवाज खाली आणून त्यानं विचारलं, "ओपन के क्लोज?"

मटक्याचा आणि माझा काही संबंध नाही हे त्याला पटवेपर्यंत क्रांती चौक आला. त्याचा तरी काय दोष? आपल्याकडं आकडा लावतात, आकडा लागतो, नाहीतर विजेच्या तारेवर आकडा टाकतात. आकडा आला कुठून, हे विचारत बसणारा माणूस कुणाच्या ध्यानीमनी नसतो. पण विद्यापीठ असलेल्या प्रत्येक गावात असा एक माणूस असतोच. पीएच.डी. करणाऱ्यांना त्याचा पत्ता गाइडच्या पत्त्याआधी पाठ होतो.

आमच्या सरांची खोली झेरॉक्स-बाइंडिंगच्या दुकानावर आहे. खाली प्रबंधाला सोनेरी अक्षरांचा पुठ्ठा चढतो आणि वर त्या पुठ्ठ्याच्या आत काय असावं हे ठरतं. सर एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झाले. अंगात अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात पेनाऐवजी कॅल्क्युलेटर, समोर लॅपटॉप, लॅपटॉपवर धूळ बसू नये म्हणून हातरुमाल. भिंतीला लाकडी बाक. त्यावर मराठी, वाणिज्य, वनस्पतिशास्त्र, इतिहास, शारीरिक शिक्षण असे सगळे विभाग मांडीला मांडी लावून बसलेले. आंतरविद्याशाखीय संशोधन म्हणतात ते मी प्रत्यक्ष पाहिलं ते त्या बाकावर.

सरांच्या तोंडी एकच शब्द: "कितीपैकी?" भाजीवाली म्हणाली, "सर, आज मेथी लई खपली." सर म्हणाले, "कितीपैकी?" शेजारचा मुलगा स्पर्धेत तिसरा आला. "कितीपैकी?" स्पर्धक चारच होते, पण पेढे आधीच वाटून झाले होते. एका शोकसभेत वक्ता गहिवरून म्हणाला, "त्यांनी हजारो विद्यार्थी घडवले!" मागच्या रांगेतून खोकल्यासारखा आवाज आला, "कितीपैकी?" तेव्हापासून सरांना शोकसभेचा निरोप जात नाही. मुलीच्या लग्नाच्या वेळी त्यांनी शिक्षण, पगार, स्वभाव, अंतर अशा नऊ रकान्यांत स्थळांना गुण देऊन मॉडेल बसवलं होतं. मुलीनं परस्पर जमवलं. सरांनी एक रात्र विचार केला आणि सकाळी बायकोला सांगितलं, "जावई आउटलायर आहे. ठेवू या."

मी गेलो होतो माझ्या ओव्यांसाठी. पैठण तालुक्यातल्या गावांत फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या होत्या. माझी नोंदणी बाहेरच्या विद्यापीठात. गाइड म्हणाले, "सगळं छान आहे, पण डेटा अॅनालिसिसचं एक प्रकरण टाका. हल्ली असतं." मराठीचा प्राध्यापक मी. आयुष्यात गणिताशी शेवटचा संबंध दहावीच्या उन्हाळ्यात आला होता.

माझ्या आधी वाणिज्यचा विद्यार्थी होता. विषय, व्यापाऱ्यांमधली जीएसटीची जाणीव. सरांनी विचारलं, "सँपल किती?"

"तीनशे चौऱ्याऐंशी."

"कामून?"

"सगळ्यांचं तेवढंच असतं सर."

हे खरं आहे. देशातल्या कुठल्याही ग्रंथालयात समाजशास्त्रांचे प्रबंध उघडा, ३८४ तुमची वाट बघत असतो. क्रेजसी आणि मॉर्गन या दोघांनी १९७० साली एक तक्ता छापला. पाच टक्के चूक चालणार असेल आणि ९५ टक्के खात्री हवी असेल, तर दहा लाख लोकांमागं ३८४ जणांना विचारलं तरी पुरे, असं तो तक्ता सांगतो. पंचाहत्तर हजारांमागं ३८२. लोकसंख्या कितीही फुगली तरी सँपल जागचं हलत नाही. विद्यार्थ्याला हा चमत्कार वाटायचा. सर म्हणाले, "चमत्कार कसला? शितावरून भाताची परीक्षा. पातेलं घरचं असो की पंगतीचं, शीत तेवढंच लागतं. पण भात ढवळलेला पाहिजे. तुम्ही ढवळला होता का?"

तो गप्प. तीनशे चौऱ्याऐंशीच्या तीनशे चौऱ्याऐंशी व्यापारी त्याच्या मामाच्या ओळखीचे होते.

पण त्याच्याकडं एक शोध होता. शहरानुसार जाणिवेत फरक पडतो, आणि तोही लक्षणीय! सरांनी फाइल उघडली. शहरं पाच: औरंगाबाद, औ'बाद, संभाजीनगर, छ. संभाजीनगर आणि छत्रपती संभाजीनगर. फॉर्म भरणाऱ्यानं जसं लिहिलं तसं यानं उतरवलं आणि संगणकानं प्रत्येकाला वेगळं गाव दिलं. औ'बादच्या व्यापाऱ्यांपेक्षा छ. संभाजीनगरचे व्यापारी जागरूक, असा निष्कर्ष टाइप करून झाला होता. सरांनी चष्मा काढला. "ही सगळी माणसं गुलमंडीवर एका ओळीत बसतात. एकाच टपरीचा चहा पितात." मुलगा हिरमुसला. पाच शहरांचा तुलनात्मक अभ्यास म्हणून त्यानं शीर्षकसुद्धा बदलून घेतलं होतं.

मग शारीरिक शिक्षणवाला पुढं सरकला. बारा आठवडे प्राणायाम करून कबड्डीपटूंचा दम वाढतो, हे त्याला सिद्ध करायचं होतं. पी-व्हॅल्यू आली होती ०.०६. म्हणजे प्राणायामाचा काडीचा उपयोग नसता तरी निव्वळ योगायोगानं निदान एवढा फरक दिसण्याची शक्यता शंभरात सहा. पाचच्या खाली आली तर शोध, वर राहिली तर बोध. ही पाचाची रेघ इंग्लंडच्या रोनाल्ड फिशरनं १९२५ च्या पुस्तकात सोयीची म्हणून सुचवली. आपल्याकडं तिची लक्ष्मणरेषा झाली.

"सर," तो अजीजीनं म्हणाला, "एवढं एक शतांश तेवढं सरकवा ना."

"बांध आहे का रे शेतातला? रात्रीत सरकवायला?"

माझी पाळी आली तेव्हा सरांनी आधी माझी प्रश्नावली पाहिली. गाइडच्या आग्रहानं मी लिकर्टची पाच घरांची पट्टी वापरली होती. रेन्सिस लिकर्ट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं ती १९३२ साली मांडली: पूर्णतः सहमत, सहमत, तटस्थ, असहमत, पूर्णतः असहमत. एका आजीबाईंना मी ओसरीवर बसून विचारलं होतं, "ओव्या गायल्यानं कष्ट हलके होतात, या विधानाशी आपण कितपत सहमत आहात?" आजी माझ्याकडं कौतुकानं बघत म्हणाल्या, "बाबा, तू म्हणशील तसं. तू इतक्या लांबून आलास." मी "पूर्णतः सहमत"वर खूण केली.

सरांनी ती खूण बोटानं झाकली. "ह्या पट्टीत सहावं घर पाहिजे. 'पाहुण्याचा मान राखला.' आपल्याकडं निम्मी उत्तरं त्यात पडतील."

त्यांचा राग मॉडेलवर कधीच नसतो. उलट मॉडेल म्हटलं की त्यांचे डोळे लुकलुकतात, आणि मॉडेल कुठंही बसवायला ते तयार असतात. अजिंठ्याला सहल गेली होती. सगळे पद्मपाणीच्या चित्रापुढं स्तब्ध, आणि सर म्हणतात, "लेणी तीस. म्हणजे सँपल नुकतंच मोठं झालं. वेरूळला चौतीस, तिथं जास्त निर्धास्त बोलता येईल." पण त्याच सहलीत त्यांनी वॉल्टर स्पिंकबद्दल जे सांगितलं ते मी विसरलो नाही. अजिंठ्याची उत्तरकालीन लेणी लोक शतका-दोन शतकांत पसरून टाकायचे. या अमेरिकी अभ्यासकानं ती वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातल्या जेमतेम वीसेक वर्षांत आणून बसवली. कशाच्या जोरावर? दारं कशी बसवली होती, त्यांच्या खुंट्यांच्या खाचा कशा बदलत गेल्या, कुठलं काम अर्धं टाकून कारागीर निघून गेले, यावर. सगळ्यांना ते पटलं असं नाही. सर म्हणाले, "न पटू दे. पण भांडायला निदान खाच तरी आहे. नुसत्या 'मला वाटतं'शी भांडता येत नाही."

याच वाक्यावरून माझी फजिती झाली. चहाच्या टपरीवर मी सहज बोलून गेलो की आलं किसून घातलंय की ठेचून, हे मला एका घोटात कळतं. सरांनी पेला खाली ठेवला. "वाटतं, की कळतं?"

शंभरेक वर्षांपूर्वी इंग्लंडात म्युरिअल ब्रिस्टल नावाच्या बाई म्हणाल्या होत्या की कपात आधी दूध ओतलं की आधी चहा, हे त्यांना चवीवरून ओळखता येतं. फिशरनं या दाव्यावरून आठ कपांचा प्रयोग रचला आणि पुढं त्यावर पुस्तकातलं एक प्रकरण उभं केलं. सरांनी तो औरंगपुऱ्यात उभा केला. टपरीवाल्याला म्हणाले, "चाचा, आठ कटिंग. चारमध्ये ठेचलेलं, चारमध्ये किसलेलं. कुठलं कुठं ते मलाही सांगायचं नाही." चाचा म्हणाला, "हौ सर," आणि पाठ फिरवून कामाला लागला. खालचा बाइंडिंगवाला, दोन रिक्षावाले आणि कबड्डीचा संशोधक भोवती जमले.

मी आठ घोट घेतले. पहिला प्यालो ऐटीत, चौथा विचारपूर्वक, सातव्याला जीभ भाजली होती. ठेचलेल्या चारपैकी तीन बरोबर ओळखले. म्हणजे आठापैकी सहा कपांचा निकाल माझ्या बाजूनं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सरांनी कॅल्क्युलेटर काढला.

"आठातून चार निवडायच्या रीती सत्तर. चारही बरोबर आले असते तर सत्तरात एक, मी टोपी काढली असती. पण निदान तीन बरोबर यायच्या रीती सतरा. म्हणजे ज्याला आल्याचा वाससुद्धा येत नाही असा माणूसही चारातल्या एका वेळी एवढी मजल मारील. दावा सिद्ध होत नाही."

"पण सर, सहा कप!"

"सहा कप योगायोगाला पण येतात." आठ चहांचे पैसे मीच दिले.

त्या दिवशी उतारा म्हणून त्यांनी मला टी-टेस्टची जन्मकथा सांगितली. ही टेस्ट शोधणारा गॉसेट डब्लिनच्या गिनेस बिअरच्या कारखान्यात नोकरीला होता. थोड्याच नमुन्यांवरून मालाचा अंदाज कसा करावा हा त्याचा रोजचा प्रश्न. कारखान्याच्या शिस्तीमुळं खरं नाव घालता येईना म्हणून १९०८ साली त्यानं 'स्टुडंट' या टोपणनावानं निबंध छापला. सर सुस्कारा टाकून म्हणाले, "बिअरचे कारखाने आपल्या वाळूजलाही आहेत. अजून एकही टेस्ट बाहेर पडलेली नाही."

पण सरांना हसता हसता आपण गंभीर होतो, असाही एक दिवस आला. बाकावर वनस्पतिशास्त्राची एक मुलगी आणि इतिहासाचा एक मुलगा शेजारी बसले होते. तिच्या फाइलीत पिकाच्या जनुकांचा नकाशा होता. त्याच्या फाइलीत प्राचीन नाणी. सरांनी तिला विचारलं, "अंतर कशानं काढलं?" ती म्हणाली, "कोसंबी फंक्शन." त्याला विचारलं, "आधार कुणाचा?" तो म्हणाला, "कोसंबी." दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. तिला वाटत होतं हे कुणी जपानी असावेत. त्याला वाटत होतं आपले कोसंबी फक्त इतिहासकार.

दामोदर धर्मानंद कोसंबी. जन्म १९०७, गोव्याचे. मूळचे गणिती. गुणसूत्रावरच्या जनुकांमधलं अंतर काढायचं त्यांचं सूत्र १९४४ सालचं, आजही वापरात आहे. त्याच माणसानं चांदीची आहत, म्हणजे ठसे मारलेली, नाणी तराजूत घातली. एकेक करून, हजारोंनी. कल्पना साधी होती: नाणं हातोहात फिरतं तसं झिजतं, म्हणजे जे जास्त फिरलं ते हलकं. मग वजनांच्या सरासरीवरून आणि विखुरण्यावरून कुठलं नाणं आधीचं, कुठलं नंतरचं, याचा क्रम लावता येतो. पण झीज खरंच अशी होते का? ते बघायला त्यांनी चालू व्यवहारातली नाणीसुद्धा वजन केली. भर्तृहरीच्या शतकांची चिकित्सक आवृत्ती काढणारे कोसंबीही हेच.

हे सांगताना सर उठून उभे राहिले होते. मग त्यांनी टेबलाचा खण उघडून सोनाराचा जुना काटा दाखवला. किराणावाल्याकडून चिल्लर आणून ते स्वतः रुपये तोलतात. "उत्तर मिळालं का?" मी विचारलं. "मिळालं. किराणावाला आता मला चिल्लर देत नाही."

सर दुसरं नाव घेतात ते मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्व्यांचं. १९२० च्या दशकाच्या अखेरीला त्या बर्लिनला ऑयगेन फिशरच्या हाताखाली डॉक्टरेटसाठी गेल्या. ("हा फिशर वेगळा," सर दर वेळी बजावतात, "चहावाला नव्हे.") युरोपीयांच्या कवट्यांची उजवी-डावी बाजू इतरांपेक्षा जास्त असमान असते आणि त्यात त्यांचं श्रेष्ठत्व दिसतं, असं गुरूचं गृहीतक. कर्व्यांनी कवट्या मोजल्या. वंशावरून असा काही फरक पडत नव्हता. त्यांनी तसंच लिहिलं. परक्या देशात, गुरू समोर बसलेला असताना. तो गुरू पुढं नाझींच्या वंशवादाचा आधार झाला. सर एवढंच म्हणाले, "तिला एक शतांश सरकवता आला असता." कबड्डीवाल्यानं मान खाली घातली.

आता सरांची स्वतःची हार सांगतो, नाहीतर चित्र एकांगी होईल. आमच्या शहरात नळाला पाणी रोज येत नाही. मध्ये किती दिवस जातात हा गप्पांचा कायमचा विषय. धरणाचे टक्के तर इथं पानवाल्यालाही पाठ. नाथसागर जलाशय किती टक्के भरला, यावर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं की नाही हे ठरतं, म्हणून ऑक्टोबरात तो आकडा पंचांगातल्या तिथीसारखा विचारला जातो. सरांनी सहा आठवडे नोंदी घेऊन मॉडेल बसवलं. धरणाची पातळी, मागच्या फेरीचं अंतर, वार, सण. आलेख देखणा, रेघ ठिपक्यांना बिलगलेली. भाकीत: मंगळवार, सकाळी सहा ते आठ.

मंगळवारी पहाटे सर ड्रमचं झाकण काढून नळाजवळ स्टुलावर बसले. शेजारच्या वहिनींचा ड्रम झाकलेलाच. "वहिनी, पाणी येणार आहे."

"आज नाही येत, भाऊ. उद्या चारच्या पुढं."

बुधवारी सव्वाचारला नळ फुसफुसला.

सर वही घेऊन वहिनींच्या दारात गेले. वहिनींनी कालनिर्णय दाखवलं. दुधाच्या, सिलिंडरच्या नोंदींच्या शेजारी निळ्या पेनानं गोल: "नळ, ४.१०". कुठं "लाइट गेली". कुठं "गढूळ". "मागच्या वेळी लाइट गेली तेव्हा एक दिवस पुढं ढकललं होतं," त्या म्हणाल्या, "आणि खालच्या गल्लीला आलं की दुसऱ्या दिवशी आपल्याला." सरांनी विचारलं, "किती दिवसांचं आहे हे?" वहिनींनी माळ्याकडं बोट दाखवलं. अकरा वर्षांची कॅलेंडरं गुंडाळून, रबर लावून ठेवलेली.

सर तिथंच पायरीवर बसले. त्यांच्या मॉडेलच्या पोटात सहा आठवडे होते आणि बाईच्या माळ्यावर अकरा वर्षं. पुढचे दोन महिने त्यांनी ती कॅलेंडरं लॅपटॉपवर उतरवली आणि वर "स्रोत" म्हणून वहिनींचं नाव घातलं. वहिनींनी विचारलं, "ह्यानं पाणी लवकर येईल का?"

"नाही. पण कधी येणार नाही ते आधी कळेल."

"ते तर मला आत्ताही कळतं."

माझ्या ओव्या सरांनी तीन आठवडे ठेवून घेतल्या. मला वाटलं, काहीतरी भयंकर टेस्ट लागणार. त्यांनी फाइल परत केली. "हेमा राईरकर आणि गी पॉईट्व्हँ यांनी लाखावर ओव्या गोळा करून, विषयवार लावून ठेवल्या. तो भात मोठा होता. तुमच्या बायांनी तुम्हाला बघून, तुम्हाला आवडतील त्या म्हटल्या. हे ढवळलेलं नाही. टेस्ट लावली तर उत्तर येईल, पण कुठल्या प्रश्नाचं ते कळणार नाही. एक तक्ता करा: एकूण ओव्या किती, त्यांपैकी भाऊ किती ओव्यांत, नवरा किती ओव्यांत. भाऊ फार पुढं आहे. तो का पुढं आहे, हे मला येत नाही. ते तुमचं काम. वाचा."

मी तक्ता केला. तक्ता क्रमांक सात. आणि त्याच्या पुढं, भाऊ का पुढं आहे यावर, ऐंशी पानं लिहिली.

व्हायवा झाली, पदवी मिळाली. बाहेर येऊन सरांना फोन लावला.

"काय विचारलं?"

"सर, ते तक्ता क्रमांक सातच धरून बसले."

"एकूण प्रश्न किती?"

मी बोटं मोजली. अकरा. तक्ता क्रमांक सातवर नऊ. प्रवासात त्रास झाला का, हा एक. जेवायला थांबणार ना, हा एक.

"आणि ओव्यांवर?"

"शून्य."

"अकरापैकी," सर म्हणाले, आणि फोनवरही ऐकू येईल असं पेन झटकून त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.